परदेशी कामाला निघालेल्या मुलीला आधी काय सांगावे आणि काय सांगू नये?

अबोली_फोंडा

मी फोंड्याची असून वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात सोळा वर्षे काम करते. गोळ्या स्ट्रिपमध्ये भरणारे मोठे यंत्र विकत घेतले, की ते बोटीवर चढवण्याआधी बनवणाऱ्याच्या कारखान्यात जाऊन चालवून पाहावे लागते. त्या तपासणीसाठी गेल्या वर्षी मी दक्षिण जर्मनीतल्या एका लहान गावात सात आठवडे राहिले. थंडी, अळणी जेवण आणि न समजणारी भाषा यांची तयारी करूनच गेले होते, त्यामुळे त्यांचा त्रास बेताचाच झाला. तयारी नव्हती ती एका गोष्टीची. तिथे मला कोणी काही विचारलेच नाही.

विमानतळावर घ्यायला कोणी आले नव्हते. हॉटेलच्या दाराशीही माणूस नव्हता; भिंतीवरच्या छोट्या पेटीवर चार आकडे दाबल्यावर आतून किल्ली मिळाली. कारखान्यात पहिल्या दिवशी सर्वांनी हस्तांदोलन करून आपापले नाव सांगितले आणि पाचव्या मिनिटाला कामाला सुरुवात झाली. प्रवास कसा झाला, घरी कोण कोण असते, मुले कोणापाशी ठेवून आलात, जेवलात का, यांपैकी एकही प्रश्न आला नाही. आपल्याकडे बाहेरगावचा माणूस तपासणीला आला, तर त्याच्या चहापासून मंगेशीच्या दर्शनापर्यंत सगळे आम्हीच पाहतो.

शुक्रवारी दुपारीच मंडळी निरोप घेऊन घरी गेली. रविवारी तिथे दुकाने कायद्यानेच बंद असतात हे ठाऊक होते, पण रस्तेही असे बंद असतील असे वाटले नव्हते. त्या संध्याकाळी खिडकीशी बसून घरून नेलेला चिवडा खाताना लक्षात आले, की फोन सोडला तर दोन दिवसांत आपण कोणाशी एक शब्दही बोललेलो नाही. मला रडू आले आणि रडू आल्याचा रागही आला, कारण घरी असताना 'कुठे निघालीस, कधी येशील' या प्रश्नांना सर्वांत जास्त कंटाळलेली मीच असते.

आता येत्या ऑक्टोबरात आठ आठवड्यांसाठी पुन्हा जायचे असून सोबत विभागातली चोवीस वर्षांची एक मुलगी येणार आहे. ती सत्तरी तालुक्यातल्या एका गावची असून तिने अजून मुंबईदेखील पाहिलेली नाही. परवा तिची आई कारखान्याच्या फाटकापाशी येऊन मला म्हणाली, "ताई, दोघी एकाच खोलीत राहा." कंपनीने खोल्या दोन घेतल्या आहेत. माझा प्रश्न असा, की या मुलीला सगळे आधी सांगून ठेवावे, की काही गोष्टी तिच्या तिला कळू द्याव्यात? नोकरीनिमित्त बाहेर राहून आलेल्या बायकांनी आपल्याला नेमके कशाने चक्रावून टाकले ते लिहिले, तर मला ठरवता येईल. पुरुषांनीही लिहावे, मात्र उपदेश कमी करावा.

डिचोलीकर

उपदेश न करता लिहितो. गोव्याच्या माणसाला परदेशी लोकांचा धक्का बसावा, हे मला पटत नाही. हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी आले त्याला अर्धशतक उलटून गेले. रशियन, ब्रिटिश, इस्रायली असे सगळे पाहून आपले डोळे सरावलेले आहेत. दुकाने बंद असण्याचे म्हणाल, तर दुपारी एक ते चार डिचोलीच्या बाजारात जाऊन कोणी साधी सुई घेऊन दाखवावी. आपली विश्रांती रोजची आणि त्यांची आठवड्याची, एवढाच काय तो फरक.

शेवंती

डिचोलीकर, मी सत्तरीतल्याच वाळपईची. कळंगुटचा किनारा मी पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजच्या सहलीत, आणि तेव्हा तिथल्या परदेशी लोकांपेक्षा आमच्या वर्गातल्या मुलांकडेच लक्ष द्यावे लागत होते. 'गोव्याचा माणूस' म्हणताना तुमच्या डोळ्यांसमोर किनाऱ्यावरचा पुरुष असतो. सत्तरीतल्या काजूच्या बागायतीत वाढलेल्या मुलीने गोरा माणूस पाहिला असेल तर बसच्या खिडकीतून. शिवाय आपल्या गावी पाहुणा येणे वेगळे आणि आपण दुसऱ्याच्या गावी पाहुणा होऊन राहणे वेगळे; पहिल्यात नियम आपले असतात.

अबोलीताई, तिला जर्मनी नंतर सांगा. विमानातले शौचालय कसे वापरायचे, पट्टा कसा लावायचा आणि जेवणाचा ट्रे आला की पैसे द्यायचे नसतात, इथून सुरुवात करा. पहिल्या प्रवासात मी चहा नको म्हटले, कारण तो कितीला असेल हे विचारायची लाज वाटली. नऊ तास चहाविना काढले.

तारवटी

मी क्रूझ जहाजावर सहा वर्षे केबिन सांभाळण्याचे काम केले. आमच्या जहाजावर गोंयकार इतके होते, की खलाशांच्या भोजनगृहात आठवड्यातून दोनदा हुमण-भात असे. मला धक्का बसला तो परक्यांचा नव्हे. माझ्याच तालुक्यातला एक मनुष्य तिथे मला बहिणीसारखा जपत असे, आणि सुट्टीवर आल्यावर गावभर सांगत असे, की जहाजावर काम करणाऱ्या मुली तशाच असतात.

खजूर

माझा अनुभव अबोलीताईंच्या अगदी उलट आहे. मी 2015 ते 2020 या काळात रियाधच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते. तिथे सगळेच विचारले जाई. वसतिगृहातून बाहेर पडताना वहीत नाव, कारण आणि परतण्याची वेळ लिहावी लागे. घराबाहेर काळा अबाया, म्हणजे पायघोळ झगा, लागे. बायकांना गाडी चालवायला मनाई असल्यामुळे बाजाराला जायचे तर वसतिगृहाच्या गाडीची वाट पाहावी लागे. उपाहारगृहांना दोन दारे असत, एक एकट्या पुरुषांसाठी आणि एक कुटुंबांसाठी. मी एकटी गेले तरी कुटुंबाच्या दारानेच जायचे. एक पराठा खायला बसलेली मी एकटीच एक कुटुंब होते.

त्याच पाच वर्षांत हे झपाट्याने बदलताना पाहिले. 24 जून 2018 पासून बायकांना गाडी चालवता येऊ लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात आमच्या विभागातली एक सौदी सहकारी स्वतः गाडी चालवत कामावर आली, तेव्हा आम्ही सगळ्या सुरक्षारक्षकाच्या खोलीपाशी जाऊन उभ्या राहिलो होतो. 2019 च्या डिसेंबरात उपाहारगृहांच्या दोन दारांची सक्तीही गेली.

पण सांगायचे आहे ते दुसरेच. हीच सहकारी एकदा बँकेचा कागद भरताना माझ्या शेजारी उभी होती. माझा पगार नवऱ्याच्या खात्यात जातो हे तिने पाहिले आणि फार नवल वाटून विचारले, "का?" त्यांच्याकडे धर्माप्रमाणे बायकोची कमाई बायकोचीच असते आणि घर चालवण्याची जबाबदारी नवऱ्याची असते, तिने पगारातला एक रियालही घरात दिला नाही, तरी कोणी बोलू शकत नाही. मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितले, की आमच्या गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर मालमत्तेत नवरा-बायकोचा निम्मा-निम्मा वाटा असतो. तिने शांतपणे विचारले, "मग पासबुक कोणाकडे असते?"

म्हापशाला परतल्यावर पहिले काम केले ते स्वतःचे खाते उघडण्याचे.

जायफळ

खजूरताई, हा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. सध्या घरात शांतता आहे.

वाचनवेल

थोडे पुस्तकी लिहिते, क्षमा असावी. 'कल्चर शॉक' हा शब्दप्रयोग रूढ करण्याचे श्रेय कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाला दिले जाते. 1954 मध्ये ब्राझीलच्या रिओ दि जानेरो शहरात त्याने यावर भाषण दिले ते तिथल्या महिला मंडळापुढे. नवऱ्याच्या नोकरीमागे परदेशी आलेल्या बायका समोर बसल्या होत्या. पहिले काही दिवस सगळे सुंदर दिसते, मग चीड येऊ लागते, मग हळूहळू सराव होतो, हा त्याने सांगितलेला क्रम आजही सांगितला जातो. त्याचे एक निरीक्षण मला फार खरे वाटते: रोजच्या व्यवहारातल्या बारीकसारीक खुणा, म्हणजे कोणाला केव्हा हात द्यायचा, केव्हा हसायचे, बोललेले केव्हा खरे धरायचे, या एकदम हरवतात आणि माणूस पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा होतो. अबोलीताईंच्या हातून 'जेवलीस का' ही खूण हरवली.

आणखी एक. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला जाण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूर येथे बोलल्या, ते भाषण म्हणजे त्यांना लोक विचारत असलेल्या प्रश्नांची उत्तरेच होती. अमेरिकेला कशाला, इथे शिकता येत नाही का, एकटी का जातेस, परत आल्यावर जात वाळीत टाकील त्याचे काय, तिकडे काही संकट आले तर काय, आणि जे कोणाही बाईने केले नाही ते तू का करावेस? त्या वेळी त्या अठरा वर्षांच्याही नव्हत्या. त्या सत्तरीच्या मुलीला यांपैकी किती प्रश्न आतापर्यंत विचारून झाले असतील, ते तिलाच विचारून पाहा.

माटोळी

एवढ्या गंभीर चर्चेत न्हाणीघराचा विषय काढते, पण कोणीतरी काढायलाच हवा. युरोपातल्या बहुतेक न्हाणीघरांत जमिनीला पाणी जायला भोकच नसते. सगळे पाणी नळाखालच्या काचेच्या चौकटीत नाहीतर टबातच राहायला हवे. मी ऑस्ट्रियात पहिल्या सकाळी कचऱ्याची स्वच्छ टोपली धुऊन तिची बादली केली, प्लास्टिकच्या पेल्याचा तांब्या केला आणि टबाबाहेर उभी राहून सोमवारचे डोक्यावरून न्हाले. पाणी दाराखालून खोलीतल्या गालिच्यावर गेले, तिथून ते खालच्या मजल्यावरच्या न्याहारीच्या खोलीत उतरले. मालकीणबाई वर आल्या तेव्हा मी केसांना पंचा गुंडाळून, गुडघ्यांवर बसून त्यांच्याच टॉवेलांनी गालिचा टिपत होते. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी जमिनीकडे बोट दाखवले, मग टबाकडे दाखवले, मग एक मोठी झाडणी आणून दिली आणि निघून गेल्या. आठवड्याच्या शेवटी बिलात गालिच्याच्या धुलाईची रक्कम वेगळी लिहिलेली होती, तीही सेंटांपर्यंत बिनचूक.

मुलीला हे मात्र आधी सांगा. हे कळू देण्यासारखे ज्ञान नव्हे.

जायफळ

आणि खाऊचेही सांगा. युरोपीय संघात प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे चोरीस (गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज) नको आणि पेढेही नकोत. मासळी मात्र वीस किलोपर्यंत चालते. कायद्याने गोंयकारावर केलेली ही एकमेव कृपा असावी. सुका बांगडा न्या, पण त्याची किसमूर हॉटेलात भाजू नका. धुराचा भोंगा वाजला तर अग्निशमन दल काही विचारल्याशिवाय राहणार नाही.

अबोली_फोंडा

माटोळीताई, हसून डोळ्यांत पाणी आले. हे सांगणारच.

वाचनवेल यांनी लिहिलेल्या खुणा हरवण्याबद्दल एक प्रसंग सांगायचा राहिला. बाईमाणूस म्हणून तिथे सगळे समान वागवतात, असा माझ्या लिहिण्याचा कोणी अर्थ काढू नये. माझ्यासोबत पहिल्या दोन आठवड्यांसाठी आमच्याच देखभाल विभागातला सव्वीस वर्षांचा मुलगा आला होता. यंत्रावरचा वयस्क अभियंता प्रत्येक उत्तर त्या मुलाकडे पाहून देत असे. प्रश्न मी विचारायचा आणि उत्तर त्याला मिळायचे. मुलगा बिचारा मान माझ्याकडे वळवून अवघडून उभा राहायचा.

दहाव्या दिवशी स्ट्रिपची गळती-चाचणी होती. यात स्ट्रिपा मिथिलीन ब्लूच्या निळ्या पाण्यात बुडवून वरची हवा काढून घेतात, काही वेळाने हवा परत सोडतात, मग स्ट्रिपा पुसून एकेक कप्पा फोडून पाहतात. सील कुठे कच्चे राहिले असेल तर त्या कप्प्यात निळे पाणी शिरलेले असते. त्यांच्या माणसाने सगळ्या ठीक आहेत असे सांगून नोंद केली. मी त्या पुन्हा मागून घेतल्या आणि खिडकीच्या उजेडात धरल्या. दोन स्ट्रिपांवर, उजवीकडच्या कडेच्या ओळीत, त्याच एका कप्प्यात, मोहरीएवढा निळा ठिपका होता. दोन्हींत जागा तीच, म्हणजे दोष गोळीचा नव्हता की पन्नीचाही नव्हता. सील करणारा तवा त्या कोपऱ्यात नीट तापत नव्हता. यंत्र थांबले, तवा उघडला, तापवणारी एक सळी ढिली निघाली. त्यानंतर तो अभियंता माझ्याकडे पाहून बोलू लागला. दुपारी जेवणाच्या रांगेत त्याने मला तिथला पहिला प्रश्न विचारला: "तुम्ही उजेडात धरून का पाहिले?" मी म्हटले, आमच्याकडे तांदूळ असेच निवडतात.

माझे त्या सात आठवड्यांतले सर्वांत आवडते वाक्य तेच आहे, पण ते पोहोचायला दहा दिवस लागले. ही गोष्ट मुलीला सांगावी की सांगू नये, हेच मला कळत नाही. आधी सांगितले तर ती पहिल्या दिवसापासून प्रत्येकाची नजर मोजत बसेल.

पर्वरीची_चिमणी

सांगू नका. माझे मत स्पष्ट आहे. नजर मोजायची सवय आपल्याला जन्मापासून असते, ती शिकवावी लागत नाही.

मी स्वित्झर्लंडमधल्या बासल शहरात दोन वर्षे संशोधनाच्या कामावर होते. तिथे इमारतीच्या तळघरात कपडे धुण्याचे सामाईक यंत्र असते आणि कोणाचा दिवस कोणता हे भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेले असते. माझी पाळी दर दुसऱ्या मंगळवारी होती. एकदा रविवारी मी दोन कुडते हाताने धुऊन सज्जात वाळत घातले, तर वरच्या आजीबाई खाली येऊन म्हणाल्या, की रविवारी कपडे वाळत घालत नाहीत. म्हणजे अबोलीताई, कोणी काही विचारत नाही हे खरे असले तरी कोणी काही पाहत नाही असे समजू नये.

त्याच आजीबाईंशी पुढे गट्टी जमली. 'तुमच्या देशात बायकांना फार बंधने असतात ना' असे त्या एकदा कळवळ्याने म्हणाल्या. त्यांना स्वतःला राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला तो 1971 साली, वयाच्या तिशीत. मी सांगितले, की आमच्या गोव्यात मुक्तीनंतर 1963 च्या डिसेंबरात विधानसभेची पहिली निवडणूक झाली, तेव्हा माझ्या आजीने नऊवारी नेसून मतदान केले, आणि 1973 पासून 1979 पर्यंत शशिकला काकोडकर मुख्यमंत्री होत्या. आजीबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग त्यांनी मला चहा केला. अळणीच, पण केला.

डिचोलीकर

ताईबाईंचा लढा मतपेटीपर्यंत पोहोचला, तेव्हा मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो. शेवंतीताईंचे म्हणणे मान्य. आता उपयोगाचे लिहितो. शेंगेन व्हिसावर, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या व्हिसावर, कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते, तेव्हा मुदत वाढली तर आधी मोजणी करा. प्रवासविमा किमान 30,000 युरोंचा लागतो. संकटकाळचा क्रमांक 112 तिच्या फोनमध्ये आजच घाला. विम्याचा कागद तिच्या स्वतःच्या पिशवीत असू द्या, तुमच्या नको. तुम्ही आजारी पडलात तर तिला तुमची पिशवी उघडत बसावे लागू नये.

सुरंगी

मी सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातर्फे जपानला तीनदा गेले आहे. तिथे खुणा इतक्या आहेत, की हरवायला जागाच नाही. नावाचे कार्ड दोन्ही हातांनी द्यायचे, समोरच्याचे दोन्ही हातांनी घ्यायचे, वाचायचे आणि बैठक संपेपर्यंत समोर ठेवायचे; खिशात कोंबायचे नाही. घरात शिरताना चपला काढायच्या हे आपल्याला सांगावे लागत नाही, पण शौचालयाच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या घालून बाहेर आलात तर सगळी मेजवानी हसू दाबत बसते. माझ्या बाबतीत बसली होती. गाडीत फोनवर कोणी बोलत नाही. गर्दीच्या वेळी टोकियोतल्या अनेक गाड्यांत बायकांचा वेगळा डबा असतो. तो पाहून मला आधी घरी आल्यासारखे वाटले आणि मग वाईट वाटले, कारण तो डबा का लागतो हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

कामानंतरच्या मद्यपानाच्या बैठकीत आपला पेला आपण भरायचा नसतो, शेजारच्याने भरायचा असतो. मी पीत नाही, म्हणून ऊलाँग चहा मागवला. तो तीन तास माझ्या पेल्यात सतत कोणी ना कोणी ओतत राहिले. मीही सर्वांचे पेले भरत होते. मग लक्षात आले, की टेबलावरच्या आम्ही तिघी बायकाच सर्वांचे भरतोय आणि बाकीचे फक्त शेजारच्याचे. आपल्याकडच्या पंगतीत वाढायला कोण उभे असते, ते आठवले आणि मी बाटली खाली ठेवली. काही झाले नाही. पुढच्या वेळी त्या दोघींपैकी एकीनेही ठेवली.

साळावलीकाठ

जुन्या कागदपत्रांच्या कामासाठी मी लिस्बनला महिनाभर होते. वाटले, चारशे एक्कावन्न वर्षांची ओळख, तिथे परके काय वाटणार? बटाटा, पाव, चावी, पगार हे शब्द कानांवर येत होतेच. पहिल्याच सकाळी अभिलेखागारातल्या गृहस्थांनी ओळख होताच पुढे होऊन दोन्ही गालांना गाल लावले. मी नमस्कारासाठी उचललेले हात त्यांच्या छातीत अडकले. शब्द ओळखीचे असले म्हणून रीत ओळखीची असते असे नाही.

निनावी_पणजी

एक अवघड गोष्ट लिहिते, कारण ती कोणी लिहीत नाही. जर्मनीत सहकाऱ्यांनी सौनाला, म्हणजे घाम काढण्यासाठी बसायच्या तापवलेल्या खोलीत, बोलावले, तर ते काय आहे हे त्या मुलीला नीट सांगा. तिथल्या बहुतेक सार्वजनिक सौनांत स्त्री-पुरुष एकत्र बसतात आणि अंगावर कपडा घालायचा नसतो; टॉवेल असतो तो खाली अंथरण्यासाठी. त्यात त्यांना अश्लील असे काही वाटत नाही. लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे जातात. मला दुसऱ्या आठवड्यात विभागातल्या एकीने आमंत्रण दिले. ते काय असते हे कळल्यावर माझ्या कानशिलांतून वाफा निघाल्या, त्याही सौनाला न जाता.

मी रात्रभर कारणे शोधली. तब्येत, उपास, घरून यायचा फोन. सकाळी तिला कसेबसे म्हटले, "मी येणार नाही." ती म्हणाली, "बरे," आणि हातातला कागद पुढे सरकवून कामाचे बोलू लागली. मी कारण घेऊन उभीच राहिले. माझ्या 'नाही'ला खाली आधाराचा टेकू द्यावा लागला नाही, असे त्यापूर्वी माझ्या आयुष्यात कधी झाले नव्हते. लग्नाला नाही म्हटले तेव्हा तर सहा महिने टेकू देत होते.

अबोलीताई, तुम्हांला न विचारण्याचा जो त्रास झाला, त्याचीच ही दुसरी बाजू असावी. ज्यांनी 'जेवलीस का' विचारले नाही, त्यांनीच 'का नाही' हेही विचारले नाही.

आई_काणकोण

मी परदेशी गेलेली नाही. माझी मुलगी गेली आहे, ती आयर्लंडमध्ये परिचारिका आहे. एवढे सगळे वाचून राहवले नाही म्हणून लिहिते. 'जेवलीस का' या प्रश्नाला तुम्ही लोक फार नावे ठेवता. तो प्रश्न जेवणाबद्दलचा नसतो, हे त्या मुलीलाही कळते आणि मलाही कळते. तिला बरे नसले की ती 'जेवले' म्हणताना आधी थोडी थांबते. 'तू उदास आहेस का' असे मी विचारले, तर ती 'नाही' म्हणेल आणि फोन ठेवील. म्हणून मी भाजी कोणती केलीस ते विचारते.

त्या मुलीच्या आईंना एक खोली हवी आहे ती पाळत ठेवण्यासाठी असेल, असे तुम्हांला वाटत असेल. मला तसे वाटत नाही. मुलगी कुठल्या भिंतींच्या आत झोपणार आहे, याचे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहत नसेल, एवढेच. माझ्या मुलीने पहिल्या दिवशी खोलीचा व्हिडिओ पाठवला होता. पलंग, खिडकी, दाराची कडी. कडी मी चार वेळा पाहिली. मग झोप लागली.

शेवंती

काणकोणच्या आई, आमच्या वाळपईच्या घरी हा प्रतिसाद वाचून दाखवणार आहे.

अबोली_फोंडा

सर्वांचे आभार. काल त्या मुलीला उपाहारगृहात घेऊन बसले. न्हाणीघर, खाऊ, 112, दुकानांचा रविवार आणि सौना एवढे सांगितले. सौनाचे ऐकताना तिने चमचा खाली ठेवला, पण सगळे ऐकून घेतले. त्या अभियंत्याचे नाव किंवा वागणे काहीही सांगितले नाही; फक्त गळती-चाचणीच्या स्ट्रिपा उजेडात धरून पाहायच्या, हे शिकवले. शेवटी घाबरत घाबरत मूळ गोष्ट काढली, की तिथे तुला कोणी काही विचारणार नाही, कुठे चाललीस, कधी येशील, काहीच नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आठ आठवडे?" आवाजात भीती अजिबात नव्हती. तेव्हा कळले, की माझा तो रविवार तिला सांगून उपयोग नाही. तिचा रविवार वेगळा असेल आणि तो कसा गेला हे मी तिला विचारीन, सोमवारी.

काणकोणच्या आईंचे वाचून संध्याकाळी तिच्या आईला फोन केला. खोल्या दोनच राहतील, पण भिंतीला भिंत लागून असतील आणि पहिल्या रात्री कडीसकट खोलीचा व्हिडिओ येईल, असे सांगितले. रोज एक फोन ठरला, काम सुटल्यावर तिकडच्या साडेपाचला, म्हणजे आपल्या रात्री नऊला. मग मला आठवले, की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे एक तास मागे घेतात, म्हणून त्या दिवसापासून तिकडच्या साडेपाचला आपले दहा वाजतील. बाई पहाटे चारला उठून गायी पाहतात. मी म्हटले, तेव्हापासून फोन एक दिवसाआड करू या. त्या म्हणाल्या, "नको ताई. त्या रविवारपासून मी दहापर्यंत जागी राहीन."